फ्रीजमधला कधीचा तरी डबा: घरातल्या वयस्क माणसांचं अन्न तुम्ही कसं सांभाळता?

सांजवेळ

आई ८१ वर्षांची आहे. ती वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या. स्वयंपाक तिचा ती करते. मी डबा देऊ का म्हटलं की म्हणते, "हातपाय चालतायत तोवर करू दे." ते मलाही मोडायचं नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी वर गेले तर तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. ताप नाही, उलटी नाही, पोट दुखतंय अशी तक्रार नाही. हातातला पेला कुठे ठेवायचा हे तिला कळेना. मला वाटलं मेंदूचा झटका आला. तशीच दवाखान्यात नेली. रक्त तपासल्यावर कळलं की शरीरातलं पाणी आणि क्षार खूप कमी झालेत. नर्सनं विचारलं, "जुलाब होतायत का?" आई मान खाली घालून म्हणाली, "परवापासून." एकाच घरात राहून मला पत्ता नव्हता. तिला सांगायची लाज वाटली होती.

तिला दाखल करून घरी आले आणि तिचा फ्रीज उघडला. मागच्या कोपऱ्यात भाताचा डबा, त्याच्यावर कोंबडीच्या सुपाचं भांडं, एका वाटीत अर्धं कापलेलं फळ. कधीचं, काही सांगता येईना. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "वास घेऊन बघते मी. चांगलं होतं." तिला वास नीट येत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. गॅसवर काही करपलं तरी तिला कळत नाही.

आता ती घरी आहे, बरी आहे. मी तिच्या नकळत फ्रीज आवरला तेव्हा ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तुमच्याकडे हे कसं करता? नियम मला हवेतच, पण ते तिच्यापर्यंत पोचवायचे कसे हेही हवंय.

बकुळ

ताई, आईंना आधी नमस्कार सांगा. वृद्धांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं आहे. तुम्ही लिहिलंय ते मी फार वेळा पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ताप नसणं. उतारवयात शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे मोठा जंतुसंसर्ग असूनही कित्येकदा ताप चढत नाही किंवा अगदी कमी चढतो. तरुण माणूस ज्या आजारात पोट धरून लोळेल, त्याच आजारात ८० वर्षांचं माणूस नुसतं गप्प होतं, असंबद्ध बोलतं, तोल जाऊन पडतं. अचानक आलेला गोंधळ म्हणजे "वय झालं" असं समजू नका. तो आजार असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा असतो. झटक्याची शंका आली म्हणून तुम्ही लगेच नेलंत, ते बरोबरच केलंत.

दुसरी गोष्ट, पोटातलं आम्ल. अन्नाबरोबर गेलेले पुष्कळसे जंतू जठरातल्या आम्लातच मरतात. वयाबरोबर काही जणांचं हे आम्ल कमी होतं. शिवाय आम्लपित्तासाठी रोजच्या गोळ्या चालू असतील तर ते आणखी कमी होतं. जितक्या जंतूंनी मला काही होणार नाही, तितक्याच जंतूंनी आईंना साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब घडवणाऱ्या जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून "आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं, आम्हाला काही नाही झालं" हा पुरावा धरू नका. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. फक्त डॉक्टरांना विचारा की त्या अजून लागतात का. कित्येकदा वर्षानुवर्षं कुणी विचारलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट, तहान. म्हातारपणी तहान उशिरा लागते आणि कमी लागते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर दोन दिवसांच्या जुलाबांत मूत्रपिंडांवर ताण येतो.

आता वासाबद्दल. ही समजूत फक्त वृद्धांची नाही, आपल्या सगळ्यांचीच आहे. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे, वास आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुतेक जंतू वेगळे. साल्मोनेला असलेल्या अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही, रंग बदलत नाही. आईंचं नाक शाबूत असतं तरीही तो डबा त्यांना "चांगला"च वाटला असता. हे त्यांना सांगून बघा. "तुझं नाक गेलंय" हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. "हे कुणाच्याच नाकाला कळत नाही" हे खरंही आहे आणि मनाला लागतही नाही.

पायवाट

मी ७८ वर्षांचा. एकटा राहतो. तुमच्या आईंच्या बाजूनं लिहितो आहे.

अन्न टाकवत नाही. हट्ट म्हणून नव्हे. लहानपणी ताटात काय येणार याची खात्री नसायची, त्या दिवसांनी लावलेली सवय आहे ती. मुलगी येऊन माझा फ्रीज न विचारता रिकामा करते तेव्हा मला वाटतं, माझ्या घरात माझं आता काही राहिलं नाही. मग मी डबे मागे सरकवून ठेवू लागलो होतो. म्हणजे तिच्या आवरण्यानं धोका वाढलाच.

बदल कसा झाला ते सांगतो. एकदा ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आजारी पडलात की मला रात्री झोप लागत नाही. आपण काय करू या?" हे तिनं विचारलं आणि मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पांढरी चिकटपट्टी आणि जाड काळं पेन फ्रीजच्या दाराला दोरीनं बांधून ठेवलं. डबा आत जाताना त्यावर शिजवल्याची तारीख. छापील बारीक तारखा मला दिसत नाहीत, म्हणून दुकानातून आणलेल्या वस्तूंवरही ती स्वतःच्या हातानं मोठ्या आकड्यांत पुन्हा लिहिते.

दुसरी गोष्ट, आम्ही माझी भांडी बदलली. चार माणसांच्या पातेल्यात एका माणसापुरतं शिजवता येत नाही, हात सवयीनं जास्तच घालतो. लहान पातेली आणल्यावर उरायचंच कमी झालं. टाकायची वेळ येत नाही, मग वादही होत नाही.

सांजवेळ

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. डबे मागे सरकवण्याचं वाचून एकदम लक्षात आलं, आईचाही डबा मागच्या कोपऱ्यातच होता. तुमच्या मुलीसारखं विचारून बघते.

बकुळताई, "कुणाच्याच नाकाला कळत नाही" हे वाक्य मी तसंच्या तसं उचलणार आहे.

निळीशाई

एक शंका. माझ्या सासूबाई शिळं अन्न खातात, पण खळखळून उकळल्याशिवाय नाही. उकळल्यावर सगळे जंतू मरतात ना? मग तारखेचा एवढा आग्रह कशाला?

कवडसा

निळीशाई, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करतो, रोज ६० माणसांचं जेवण बनतं. आमच्याकडे नव्यानं कामाला आलेला प्रत्येक जण हेच विचारतो.

जंतू मरतात, पण काही जंतूंनी अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. भाताचंच घ्या. तांदळाबरोबर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू येतात. बीजाणू म्हणजे जंतूचं कवचबंद झोपलेलं रूप. भात शिजताना ते मरत नाहीत. भात कोमट होऊन ओट्यावर पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या घडवणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं नष्ट होत नाही. स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या विषाचंही तसंच, तो तर आपल्या नाकात आणि हाताच्या जखमांत असतो. म्हणून खरा प्रश्न "पुन्हा किती उकळलं" हा नसून "पहिल्यांदा शिजल्यावर किती वेळ बाहेर राहिलं" हा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात २ तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही. खोली ३२ अंशांच्या वर तापली असेल तर अमेरिकी मार्गदर्शनानुसार १ तासच धरा. अनुकूल उबेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एकाचे २ तासांत ६४ आणि ४ तासांत ४,०९६.

मोठं पातेलं हा माझ्या मते घरातला सगळ्यात दुर्लक्षित धोका. सूप, कडधान्यं, मांस असं दाट अन्न खोल भांड्यात ठेवलं तर वरून गार लागतं आणि मध्ये कित्येक तास कोमट राहतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू नेमका अशा कोमट मध्यभागात वाढतो. त्याचेही बीजाणू शिजवण्यातून वाचतात. आम्ही अन्न पसरट भांड्यांत काढतो, थर साधारण ५ सेंटीमीटरपेक्षा जाड ठेवत नाही, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळतो आणि मग फ्रीजमध्ये. पूर्ण थंड होईपर्यंत ओट्यावर ठेवायचं ही जुनी सवय सोडा. वाफ गेली की थोडं कोमट असतानाच आत ठेवलेलं बरं.

एक जुनी घटना आम्हाला प्रशिक्षणात सांगितली होती आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. १९८४ साली इंग्लंडमध्ये वेकफिल्डच्या स्टॅनली रॉयड रुग्णालयात साल्मोनेलाची साथ आली. १९ रुग्ण दगावले. भाजलेलं गोमांस गार करून वाढलं होतं आणि त्याआधी ते कित्येक तास फ्रीजबाहेर राहिलं होतं. त्या प्रकरणानंतर तिथल्या सरकारी रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांना अन्नकायद्यातून असलेली सूट काढून घेण्यात आली. हातून निसटलेले ते काही तास. मी रोज रात्री पातेली तपासल्याशिवाय घरी जात नाही.

निळीशाई

हे मला खरंच माहीत नव्हतं. भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवतात आमच्याकडे. आजपासून बंद.

लांबपल्ला

माझे आईवडील दुसऱ्या शहरात असतात. मी महिन्यातून दोनदा जातो, स्वयंपाक करून फ्रीजर भरून येतो. शिकलेल्या काही गोष्टी:

सगळ्यात आधी फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवला. त्यांचा फ्रीज "चालू" होता, पण आतलं तापमान ९ अंश होतं! दाराचं रबर ढिलं झालं होतं. फ्रीज ५ अंशांच्या आत हवा आणि फ्रीजर उणे १८. दूध दाराच्या कप्प्यात ठेवायची सवयही सोडवली, दार सर्वांत जास्त तापतं.

वीज गेली तर दार उघडायचं नाही. बंद फ्रीज साधारण ४ तास गार राहतो. फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. मी तिथं नसतो, मग वीज किती वेळ गेली हे कळणार कसं? पेल्यात पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवलंय. गेल्यावर बघतो. नाणं बर्फाच्या वरच असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे, म्हणजे टाकायचं.

गोठवलेला डबा ओट्यावर काढून ठेवायचा नाही. आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना मध्ये एकदा ढवळायचं आणि झाकून दोन मिनिटं ठेवायचं, नाहीतर कडेला वाफा आणि मध्ये गारच. पूर्ण डबा एकदम गरम करायचा नाही, खाण्यापुरतंच काढून घ्यायचं.

कवडसा

थर्मामीटरचं छान सांगितलंत. अन्नात खुपसायचा टोकदार थर्मामीटरही घ्या. उरलेलं अन्न मध्यभागी ७४ अंशांपर्यंत तापलं पाहिजे. कोंबडीचं मांसही ७४ पर्यंत शिजायला हवं, खिमा ७१. मांसाच्या रंगावरून अंदाज बांधू नका, गुलाबीपणा जाण्याचा आणि जंतू मरण्याचा थेट संबंध नाही. शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेलं ३-४ दिवसांत संपवायचं हा सर्वसाधारण नियम. आमच्याकडे मात्र तिसऱ्या दिवशी काही शिल्लक राहत नाही.

आणि कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या चिरलेल्या भाजीवर उडतात. शिजल्यावर ते मरणारच आहेत, धुऊन फक्त पसरतात.

तुळई

मी तर वडिलांना सगळं उकडलेलं मऊच देते. कच्चं काही नाही, फळं नाहीत, अंडी नाहीत, दुधाचे पदार्थ नाहीत, बाहेरचं काही नाही. धोका कशाला घ्यायचा? प्रत्येकानं हेच करावं असं माझं मत आहे.

बकुळ

तुळई, तुमची काळजी कळते, पण इथे मी असहमत आहे आणि स्पष्टच सांगते. वॉर्डात अन्नविषबाधेपेक्षा जास्त वृद्ध मी कमी खाण्यानं खंगलेले पाहिले आहेत. भूक आधीच मंद असते, चव आणि वास कमी झालेले असतात. त्यात आवडीचं सगळं काढून घेतलं की ताट तसंच परत येतं. वजन उतरतं, स्नायू जातात, माणूस पडतं. प्रतिकारशक्तीही कुपोषणानंच आणखी खालावते. वडिलांचं वजन गेल्या सहा महिन्यांत किती बदललं ते एकदा बघा.

यादी छोटी पण पक्की ठेवा. न तापवलेलं दूध आणि त्याचे पदार्थ नकोत. कच्चं किंवा वाहतं अंडं नको, पूर्ण घट्ट शिजलेलं अंडं अगदी चालतं. कच्चे मासे नकोत, थंडच खायचे धुरी दिलेले मासेही नकोत. पाकिटातलं थंड खायचं तयार मांस वाफा येईपर्यंत गरम केल्याशिवाय नको. कच्ची मोड आलेली कडधान्यं नकोत, कारण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंना लागते आणि ते बियांच्या भेगांत असतात, धुऊन निघत नाहीत. शिजवून खुशाल द्या. बाकी फळं, भाज्या, पाश्चराइज्ड दूध हे सगळं हवंच.

लिस्टेरिया या जंतूबद्दल मात्र प्रत्येक काळजीवाहकाला माहीत असावं. बाकी बहुतेक जंतू फ्रीजमध्ये थबकतात, हा फ्रीजमध्येही हळूहळू वाढतो. तरुणांना तो क्वचितच त्रास देतो. ६५ वर्षांपुढच्यांत तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो आणि अशा गंभीर आजारात साधारण २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात. लक्षणं दिसायला कधी कधी ७० दिवसही लागतात. ताप, मान आखडणं, गोंधळ अशा लक्षणांवर डॉक्टर खाण्याबद्दल विचारतील तेव्हा दोन महिन्यांपूर्वीचं काही आठवायची वेळ येऊ शकते. २०११ मध्ये अमेरिकेत खरबुजांतून याची साथ पसरली. १४७ जण आजारी पडले, ३३ दगावले, आणि आजारी पडलेल्यांत बहुतेक साठीच्या पुढचे होते. जंतू सालीवर होते. म्हणून साल काढायची असली तरी फळ आधी वाहत्या पाण्याखाली घासून धुवायचं, सुरी फिरते तेव्हा सालीवरचं आत जातं. कापलेलं फळ लगेच फ्रीजमध्ये. सांजवेळताईंच्या आईंच्या वाटीत अर्धं फळ होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुळई

वजन केलं. ५८ होतं, आता ५२ आहे. मी घाबरले आहे. उद्याच डॉक्टरांची वेळ घेतली आहे. थेट बोललात त्याबद्दल आभार, मनापासून.

ओंजळ

माझ्या पतींना पक्षाघातानंतर नीट गिळता येत नाही. काही महिने नाकातल्या नळीवाटे अन्न, आता वाटलेलं मऊ अन्न. हा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

मिक्सरचं भांडं ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. नुसतं धुऊन ठेवायचे. एकदा पात्याखालची रबरी चकती काढली तर खाली काळपट चिकट थर. रोज त्याच भांड्यातून मी त्यांना अन्न देत होते. रडू आलं. आता प्रत्येक वेळी भांडं पूर्ण सुटं करते, गरम साबणपाण्यानं घासते, पूर्ण वाळल्याशिवाय जोडत नाही. वाटताना अन्नाचा पृष्ठभाग वाढतो, भांडी वाढतात, हात वाढतात, म्हणून वाटलेलं अन्न अख्ख्यापेक्षा लवकर बिघडतं. वाटल्यावर गार झालं असेल तर पुन्हा वाफा येईपर्यंत गरम करून, मग खाण्याइतकं निववून देते.

नळीच्या दिवसांत आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलेलं: पावडर कालवून केलेलं द्रव ४ तासांपेक्षा जास्त टांगून ठेवायचं नाही, घरी वाटलेलं असेल तर २ तास. उरलेल्यात नवं ओतायचं नाही. आधी हात साबणानं २० सेकंद.

आणि बसवणं. भरवताना सरळ बसवायचं आणि नंतर किमान अर्धा तास तसंच. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि प्रत्येक वेळी खोकला येतोच असं नाही. घासानंतर आवाज ओलसर, घोगरा झाला तर थांबा. किती घट्ट, किती पातळ हे अंदाजानं ठरवू नका. त्यासाठी ० ते ७ अशा पायऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, गिळण्याचे उपचार करणारे तज्ज्ञ तुमच्या माणसाची पायरी ठरवून देतात.

सावलीपान

स्मृतिभ्रंश असलेल्या घरात तारखेच्या पट्ट्या चालत नाहीत हे सांगायला आले. आज कुठली तारीख हेच आईला माहीत नसतं. जेवल्याचंही लक्षात राहत नाही. उशीच्या अभ्र्यात, कपाटात, कोटाच्या खिशात खाणं सापडतं. सुरुवातीला मी रागवायचे. मग ती आणखी खोल लपवू लागली, पायवाटकाकांनी लिहिलंय तसंच.

आता तिच्या फ्रीजमध्ये फक्त आजचं असतं, बाकी माझ्याकडे. तिच्या खोलीत एक सुंदर डबा ठेवला आहे, त्यात बाहेर टिकतील अशा कोरड्या खाण्याच्या वस्तू. तिला काहीतरी साठवायचं असतं, ते तिथे साठवते. लपवायच्या जागा मला माहीत आहेत, ती आंघोळीला गेली की रोज बघते. तिच्या सन्मानासाठी हे तिच्यासमोर करत नाही. आपला निर्णय आपण घेऊ शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं लपूनछपून करू नये असंच मला वाटतं. आमची परिस्थिती वेगळी आहे.

आणखी एक. फरशी पुसायचं द्रव, ब्लीच कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. आमच्याकडे घोट घेता घेता वाचली.

ओंजळ

सावलीपान, तुमच्या डब्याची कल्पना मनाला भिडली.

लांबपल्ला

आपण आजारी असलो तर? मला जुलाब-उलट्या झाल्या तेव्हा मी तसाच आईवडिलांकडे गेलो, कारण दुसरं कुणी नव्हतं. तीन दिवसांनी दोघंही आजारी. ते अजून मनात सलतं.

बकुळ

नोरोव्हायरस असावा, तो असाच पसरतो. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास दुसऱ्यासाठी स्वयंपाक करायचा नाही. अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. दुसरं कुणी नसेल तर फ्रीजरमध्ये दोन दिवसांचं अन्न आधीच तयार असावं. ते तुमच्यासाठीच आहे असं समजा. आणि दादा, स्वतःला दोष देत बसू नका, माहीत नव्हतं तुम्हाला.

जुलाब सुरू झाले तर काय, तेही लिहून टाकते. मीठ-साखरेच्या पाण्याची तयार पुडी घरात असू द्या. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर घातक, म्हणून मोजूनच. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून. लघवीच्या गोळ्या, काही रक्तदाबाच्या गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन अशा दिवसांत तात्पुरत्या थांबवाव्या लागतात का, हेही फोन करून विचारा. खरं तर बरं असतानाच विचारून कागदावर लिहून ठेवा.

रक्त पडणं, लघवी खूप कमी होणं, पाणीही पोटात न टिकणं, गोंधळ किंवा ग्लानी, उभं राहिल्यावर चक्कर, जास्त ताप, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. रक्त पडत असताना जुलाब थांबवणारी गोळी मनानं देऊ नका.

पायवाट

बकुळताईंच्या यादीत एक भर, आमच्या वयाच्या माणसाकडून. जुलाबाचं आम्ही सांगत नाही, कारण कपडे खराब झालेले असतात. "पोट ठीक आहे ना?" विचारलंत तर "ठीक आहे" म्हणू. "आज किती वेळा जावं लागलं?" असं सहज विचारा, जसं "झोप किती लागली" विचारता. आकडा सांगायला संकोच कमी वाटतो.

सांजवेळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

आईशी बोलले. काकांच्या मुलीनं विचारलं तसंच विचारलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मला भीती वाटते की एकदा माझा फ्रीज तुझ्याकडे गेला की मग गॅस जाईल, मग घर." मला हे कधी सुचलंच नव्हतं. फ्रीज तुझाच राहील असं तिला वचन दिलं.

चिकटपट्टी आणि पेन तिनं स्वतः निवडलं. लहान पातेली आणली. भात आता ती एका वेळेपुरताच करते. फ्रीजचं तापमान ८ निघालं, मागची जाळी साफ करून बटण फिरवलं, आता ४ आहे. आम्लपित्ताची गोळी डॉक्टरांनी आधी कमी केली, आता बघू म्हणाले. रोज संध्याकाळी मी वर जाते तेव्हा "किती वेळा" हा प्रश्न इतर प्रश्नांत मिसळून विचारते. ती न लाजता सांगते.

दोन वेळा तिची तारीख घालायची राहिली. मी काही बोलले नाही, तो डबा दोघींनी मिळून रिकामा केला.

काल जिन्यातून हाक आली. "यावरचा आकडा तू लिहिलायस, १ आहे की ९?" मी वर गेले. १ होता आणि काल तारीख ९ होती. मी काही म्हणायच्या आत तिनं डबा ओतला, धुवायला ठेवला आणि पेन माझ्या हातात देत म्हणाली, "पुढच्या वेळी नीट काढ."